ताईचा थर्मास

शेळीच्या बीजांडाला माणसापेक्षा जास्त मान देणारी बाई शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत एकच आहे, ती म्हणजे माझी मामेबहीण. आणि तिच्या तीन महिन्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवणारा माणूसही एकच, तो मी.

ताई शिरूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. दर मंगळवारी दौंडच्या खाटकाकडून शेळ्यांचे अंडाशय कोमट मिठाच्या पाण्यात, थर्मासमधून न्यायची. भर मे महिन्यात थर्मासला शाल गुंडाळून मांडीवर घ्यायची. एकदा एसटीत कंडक्टरनं विचारलं, तर म्हणाली, "ओली बाळंतीण आहे, जपून चालवायला सांगा." त्यातली कच्ची बीजांडं ती चोवीस तास उबेत पिकवायची. बीजांड नीट पिकलं असेल, तर औषध घालून चेतवल्यावर त्याच्या आत साठलेलं कॅल्शियम सुटतं आणि त्याची लाट या कडेपासून त्या कडेपर्यंत धावते. ती दिसावी म्हणून ताई कॅल्शियम लागलं की चमकणारा रंग आत भरायची. भाच्याच्या लग्नात तर मंगलाष्टकं चालू असतानाच उठली. चोवीस तास भरले होते. नवरदेवाकडं बघून म्हणाली, "हा थांबेल, ती थांबायची नाहीत."

निवृत्तीआधी ती लाट एकदा डोळ्यांनी बघायची, एवढीच तिची इच्छा होती. पण दिसेना. तिनं रंग बदलला, औषधं बदलली, शेवटी स्वतःच्या हातांना दोष दिला.

वरवंडला माझं दूध संकलन केंद्र आहे. वाटेत ती तिथं थर्मास ठेवून आमच्या घरी जेवायला जायची. मी दूधवाला, कोमट म्हणजे नासणार, एवढंच मला ठाऊक. दर मंगळवारी मी आतली बरणी गुपचूप दुधाच्या कूलरमध्ये ठेवायचो आणि ती यायच्या आत परत थर्मासमधल्या कोमट पाण्यात. मोठ्या मायेनं.

एका मंगळवारी जेवताना ताई सहज म्हणाली, "गारठली की संपली रे ती." माझा घास तोंडातच राहिला. तिच्याआधी केंद्रावर येऊन बरणी कूलरमधून काढून थर्मासमध्ये घातली आणि थर्मास तसाच तिच्या हाती दिला.

पुढच्या मंगळवारी मी थर्मासला हात लावला नाही. निवृत्तीला चार दिवस उरले होते. बुधवारी तिचा फोन आला, "असशील तसा ये."

शिरूरला पोचलो. तिनं मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. अंधारात एक काळपट गोळा होता. एका कडेला ठिणगी पडली आणि उजेड पसरत पसरत गोळाभर झाला. विझला. पुन्हा उमटला. ताई माझ्या खांद्यावर थापट्या मारत हसत होती, डोळे पुसत होती.

"तुझा पायगुण बघ," ती म्हणाली.

तेवढं मात्र मला सोसलं नाही. डोळा भिंगालाच ठेवून मी म्हणालो, "ताई, पायगुण न्हाई. तीन महिने ती मीच कूलरमध्ये ठेवत होतो. तुझे हात चांगलेच हायेत. चुकलो मी."