आत्याची साक्ष

कॉलेजहून परतताना मेट्रोत आईचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "आत्या प्रभूकडे गेली गं…" मयूर विहारला उतरायचं होतं, पण मी बसूनच राहिले. नोएडा आलं तेव्हा भानावर आले.

त्याला महिना झाला. मला हे नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

आत्याने लग्न केलं नाही. ती आमच्याकडेच राहायची आणि नोएडातल्या एका कारखान्यात शिलाई करायची. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. माझं ॲडमिशन झालं तेव्हा शुक्रवारच्या घरगुती प्रार्थनेत तिनेच उभं राहून साक्ष दिली, म्हणजे प्रभूने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगितलं. मी लाजले, तर म्हणाली, "अगं, मिळालेलं लपवलं तर ती चोरीच की."

तिला साखरेचा आजार होता, रोज इन्सुलिन घ्यावं लागे. गेल्या हिवाळ्यात तिने उपवास धरला. आमच्या चर्चच्या पाळकांनी तिच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना केली आणि दुसऱ्या सकाळी साखर चक्क नॉर्मल आली. पोटात अन्न नव्हतं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. आम्ही सगळे आनंदाने रडलो. त्या शुक्रवारी ती उभी राहिली आणि म्हणाली, मी बरी झाले.

साखर पुन्हा चढली, तरी तिने इन्सुलिन घेतलं नाही. औषधही देवाचीच देणगी आहे, असं पाळकांनी स्वतः घरी येऊन समजावलं. बाबांनी अबोला धरला. शेवटी मी इन्सुलिन घेऊन तिच्यापुढे बसले.

"साक्ष दिलीये मी," ती हळूच म्हणाली. "आता सुई टोचली तर खोटं कोण ठरेल? मी, की तो?"

मी इन्सुलिन परत फ्रिजच्या दारात ठेवलं. ती हट्टी होती, असं लोक म्हणतात. मला ती घाबरलेली दिसली होती. मरणाला नाही, दिलेला शब्द मागे घ्यायला.

मागच्या शुक्रवारी माझ्या रिझल्टची साक्ष द्यायला आईने मला उभं केलं. सगळे वाट पाहत होते. "पास झाले," एवढंच बोलून मी खाली बसले.

नंतर पाण्यासाठी फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात तिचं इन्सुलिन अजून आहे. आई फ्रिज पुसताना ते उचलते, खालची जागा पुसते आणि परत तिथेच ठेवते.