यादीत नसलेली तामित

हेपू पाथरवटाने राणीला एकूण किती वेळा कोरलं, हे त्याला सांगता आलं नसतं, कारण वीसच्या पुढे त्याला मोजता येत नव्हतं. वाचता तर मुळीच येत नव्हतं. भिंतीवर लाल रेघांनी चित्रं आणि अक्षरं मी काढायची आणि त्या रेघांवरून त्याने छिन्नी चालवायची, अशी आमची जोडी होती. मी चितारी. नावं ठेवायला मला अक्षरं लागायची, त्याला अक्षरांशिवायही ठेवता यायची.

नदीच्या पश्चिम काठावर, डोंगराच्या कुशीत राणीचं देऊळ उठत होतं, तेव्हा आम्ही ऐन पंचविशीत होतो. राणी स्वतःला राजा म्हणवून घेत होती. त्यामुळे भिंतीवर तिला राजाची दाढी लावायचा हुकूम होता.

"अरे, बाईला दाढी चढवलीस," हेपू शिडीवरून ओरडला.

"वरचा हुकूम आहे."

"मग लांब चढव की. द्यायचीच तर कंजुषी कशाला?"

राणीने दूरच्या देशात जहाजं धाडली, धुपाची झाडं मुळांसकट आणवली, आभाळाला टोचतील असे खांब उभे केले. ते सगळं आम्ही भिंतीवर घेतलं. हेपूने कोरलेली तिची जिवणी अशी होती, की मुकादम सेनीसुद्धा तिच्यासमोर शिवी गिळायचा.

तिसऱ्या वर्षी हेपूची मुलगी तामित विंचू चावून गेली. एकुलती एक, सहा वर्षांची. तामित म्हणजे मांजर. दिवसभर आईच्या पायात पायात करायची म्हणून ते नाव. गेली त्याच्या आदल्या दिवशी ती पीठ मळायला मागत होती आणि तिची आई, आमच्या रुयूवहिनी, "आधी मोठी हो" म्हणून तिला हाकलत होत्या. आमच्यासारख्यांना कुठली कबर? चटईत गुंडाळून वाळूत पुरली. आता तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही, म्हणजे कुणी उच्चारणार नाही. आणि नाव उच्चारलं नाही की मेलेलं माणूस दुसऱ्यांदा मरतं, ते कायमचं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

चार दिवसांनी हेपू कामावर आला. दुसऱ्या गच्चीवरच्या भिंतीत, कोरलेल्या राणीच्या सिंहासनाच्या पायाखालच्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाला, "इथे तिचं नाव काढून दे. बारीक."

"वेडा झालास? नाक कापतील आपलं!"

"कापू देत. तुझं कधी उपयोगाला आलंय? बिअर नासली की तुझी बायको सांगते."

तो चेष्टा करत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. मी नाव काढून दिलं. भिंतीवरच्या राणीसमोर रोज नाव घेऊन नैवेद्य दाखवला जायचा, त्यातला चिमूटभर घास पोरीला पोचेल, एवढाच त्याचा हिशोब. त्याने ते करंगळीएवढं नाव जसं कोरलं, तसं राणीचंही कधी कोरलं नाही.

राणी मेली. तिचा सावत्र मुलगा गादीवर बसला आणि वीस वर्षं लढाया करत फिरला. मग म्हातारपणी त्याला सावत्र आईची आठवण झाली. हुकूम आला: राणीचं नाव आणि रूप जिथे जिथे असेल, तिथून उतरवा. म्हणजे ती कधी नव्हतीच. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. जातंही त्याच टाकीने, हे आम्ही तेव्हा शिकलो.

मुकादमाच्या दारात पहिला जाऊन उभा राहिला तो हेपू. "दुसऱ्या गच्चीची भिंत मला द्या," म्हणाला.

वस्तीत छी-थू झाली. बिअरवाली म्हातारी त्याच्या तोंडावर म्हणाली, "खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ पाहिले बाबा. वासे उपटणारा तूच पहिला." खरी गोष्ट मला, त्याला आणि रुयूवहिनीला ठाऊक होती. दुसऱ्या कुणाच्या हाती ती भिंत लागली असती, तर एका घावात पोर गेली असती.

बाकीचे पाथरवट धोंड्यांनी ठेचत होते. हेपू मात्र छिन्नी घेऊन राणीच्या कडेकडेने तासत गेला. नाक, हनुवटी, मी चढवलेली ती दाढी, सगळं इतक्या रेखीवपणे काढलं, की राणी गेली आणि राणीच्या आकाराचा खड्डा राहिला. सकाळचं ऊन तिरपं पडलं, की ती पूर्वीपेक्षा ठसठशीत दिसायची.

सेनी मुकादमाने कपाळावर हात मारला. "पुसलीस की पुन्हा कोरलीस रे?"

"हात तोच आहे साहेब. वाईट काम येत नाही त्याला."

राणीच्या जागी नैवेद्याचं ताट कोरायचं होतं. भाकऱ्या, अंजिरं, बदक, कांद्याची जुडी. तेही त्याने कोरलं. आणि झालं असं, की अख्ख्या भिंतीवर एक भरलेलं ताट आणि ताटाशेजारी एकच नाव उरलं. सिंहासनही तासलं गेल्यामुळे, त्याच्या आडोशाला कुणाला न दिसलेलं ते नाव आता सगळ्यांच्या डोळ्यांत भरत होतं.

"चुन्याने लिंपून टाकू," मी म्हटलं.

"श्वास कोंडेल तिचा," तो म्हणाला.

तपासनीस कारकून आला तो हातात यादी घेऊन. मागे सेनी, आणि त्याच्याही मागे देवळाचा पुजारी. पुजारी महिनाभर सुतकात असल्यासारखा वावरत होता. नाव नाही तर नैवेद्य नाही. आणि देवाचं पोट भरल्यावर नैवेद्य ज्यांच्या घरी जातो, त्यात पहिलं घर त्याचं.

कारकून वाकला. "ता...मित. ही कोण?" त्याने यादी उलगडली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. हेपूने छिन्नीवर मारायची मोगरी इतकी घट्ट धरली होती, की बोटं पांढरी पडली होती.

"यादीत नाही," कारकून वैतागून म्हणाला.

"मग उडवून टाकू?" सेनीने विचारलं.

"यादीत नाही म्हणतोय ना! उडवायची यादी आहे ही. उद्या ती राजाची आत्या निघाली म्हणजे? नाक तुझं जाईल की माझं?"

पुजारी चटकन पुढे सरकला. त्याच्या चेहऱ्यावर महिन्याभराने रंग आला होता. "आत्याच असणार. राजकन्या तामित. फार सात्त्विक. लहानपणीच गेल्या बिचाऱ्या."

"सहा वर्षांची होती," हेपू बोलून गेला.

सगळे वळले.

"असं... ऐकलंय," हेपू पुटपुटला.

"बरोबर," पुजारी म्हणाला, "सहाच."

कारकुनाने यादी गुंडाळली आणि पुढची भिंत गाठली.

दुसऱ्या दिवसापासून राणीचा बंद होऊ घातलेला नैवेद्य राजकन्या तामितच्या नावाने सुरू झाला. हजारो वेळा कोरलेली राणी कधी नव्हतीच असं ठरलं. वाळूत पुरलेली पाथरवटाची पोर मात्र राजाची आत्या झाली. पुजारी खणखणीत आवाजात तिचं नाव घ्यायचा आणि आम्ही शिडीवर हात थांबवून ऐकायचो. हेपूने त्या आठवड्यात एकही टोमणा मारला नाही, याचीच मला काळजी वाटू लागली होती.

देवळातला उरलेला नैवेद्य कामगारांनाही वाटला जातो. आठव्या दिवशी हेपूच्या वाट्याला एक भाकरी आली. ती फडक्यात बांधून तो घरी निघाला आणि मलाही ओढत घेऊन गेला.

रुयूवहिनींनी फडकं सोडलं. भाकरीचे तीन तुकडे केले, आपला तोंडात घातला आणि सावकाश चावला.

"मीठ कमी पडलंय," त्या म्हणाल्या.

हेपूने आपला तुकडा दोन्ही हातांत धरला होता.

"शिकेल गं," तो म्हणाला. "सहाच वर्षांची आहे."