वाऱ्याच्या अंगानं पेटवलेला राब

थोरल्या भावाला मी सिनेमात घेतलं ते फुकटात मिळत होता म्हणून. दुसरं कारण नव्हतं. त्याचं तोंड बघायची मला हौस नव्हती आणि त्याला माझं. मी लोणावळ्यात भाड्यानं देतात त्या बंगल्यांच्या काउंटरवर बसून पाहुण्यांच्या शिव्या खातो, तो आंदर मावळात घरचं भात करतो. मी घरी गेलो की स्वागत ठरलेलं. "आलं का सायेब? बूट काढा, अंगन सारवल्यालं हाय."

सिनेमा म्हणजे काय, तर माझा फोन. स्टँड नव्हता, म्हणून तो शिडीला सुतळीनं बांधायचो. उजेड वळवायला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, त्यावर पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद. माइकमध्ये वारा घोंघावू नये म्हणून त्याला वडिलांची जुनी माकडटोपी. गोष्ट साधी होती. एक शेतकरी शेवटचा राब भाजतो आणि गाव सोडून जातो. भाऊ ऐकून म्हणाला, "गाव तर तू सोडलंस. तुजाच काढ की पिच्चर." असा खवचट माणूस!

राब म्हणजे भाताचं रोप करायचा तुकडा. त्यावर उन्हाळ्यात शेण, पाला, गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि भाजायचा. वर्षातून एकदाच. पेटवायचा तो वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे विस्तव वाऱ्याला तोंड देत हळूहळू सरकतो आणि खालची माती चांगली भाजून तणाचं बी मरतं. आमच्याकडं हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं, उगाच खोटं कशाला बोलू?

पण त्या टोकाला भावाला उभं केलं की त्याच्या मागं मोबाइलचा टॉवर येत होता. वारा जिकडून येत होता, त्या टोकाला मागं अख्खा डोंगर होता.

"हितनं पेटव," मी म्हणालो.

"येडा झाला काय? वारं हितनंच हाय. जाळ वरच्यावर पळंल, माती कच्ची ऱ्हाईल."

"एकदा माझं ऐकशील? आयुष्यात एकदा?"

 त्यानं हातातला पेटता पेंढा खाली टेकवला.

जाळ असा पळाला की विचारू नका. पाच मिनिटांत खेळ खलास. मी शिडीजवळ आनंदानं नाचायचाच बाकी होतो. भाऊ वाकून काठीनं उकरत होता. खालचा पाला तसाच न जळलेला होता. तेही मी शूट केलं.

त्या साली रोपापेक्षा तणच जास्त उगवलं. वहिनी निंदून निंदून रडकुंडीला आली. लावणीला रोप कमी पडलं, तेव्हा भाऊ दारोदार फिरून उरलंसुरलं रोप मागत होता. कुणी विचारलं तर म्हणायचा, "बियानंच दगा दिला." माझं नाव एकदाही घेतलं नाही. मला त्याचाही राग आला. चारचौघांत मला आईवरून शिव्या घातल्या असत्या तर फिटंफाट झाली असती. हा गप्प बसून माझ्या डोक्यावर बसला.

दिवाळीत संध्याकाळी देवळाच्या भिंतीला चादर लावून गावाला सिनेमा दाखवला. प्रोजेक्टर बंगल्यातला, मालकाला न सांगता आणलेला. राबाच्या सीनमधलं आमचं भांडण मी एडिटिंगमध्ये कापून टाकलं होतं. पडद्यावर भाऊ एकटाच शेतात आला, डोंगराकडं बघितलं आणि पेटवलं. जाळ वाऱ्याबरोबर सुसाट निघाला. मला वाटलं, आता टाळ्या पडणार.

"आगं बया!" पुढं बसलेली एक म्हातारी मावशी ओरडली. "वाऱ्याच्या अंगानं पेटिवला की रं ह्यानं! आनि आमाला सांगतोय, बियानं दगा दिला!"

सगळं पटांगण खदाखदा हसलं. एक आबा मात्र हसले नाहीत. "बापानं शिकिवलं न्हाई व्हय रं तुला?" ते भावाला म्हणाले. आमच्या वडिलांच्या राबाचं रोप लोक मागून न्यायचे.

भाऊ माझ्याकडं बघत होता. मूळ क्लिप त्याच्या आवाजासकट फोनमध्ये होती. एक बोट लावायचा अवकाश होता. ते जाऊ दे, नुसतं तोंडानं सांगितलं असतं तरी भागलं असतं. मी प्रोजेक्टरची वायर हलवत बसलो, तिला काही झालेलं नसताना.

"चुकलं आबा," भाऊ म्हणाला. "माजंच चुकलं."

लोक पांगल्यावर चादर त्यानंच सोडवली, झटकली, नीट घडी घातली. मी शिव्यांची वाट बघत होतो. घडी माझ्या हातात देत तो म्हणाला, "डोंगर लय भारी आलाय."