बी साईडची उरलेली चार मिनिटं

पिकतं तिथं विकत नाही, असं आमच्याकडं येता-जाता म्हणतात. मला या म्हणीचा मनापासून राग आहे. अरे, विकायला ठेवतं कोण? बेलापुरात ऊस पिकतो, कांदा पिकतो, तो विकायला सगळे धावतात. गळा पिकला की मात्र यांना म्हण आठवते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बेलापूरच्या पेठेत कॅसेट भरून द्यायचं दुकान चालवत होते. दुकान टाकलं नवऱ्यानं, पण त्याची साखर कारखान्यात पाळी असायची. बसायला दुसरं कुणी नाही म्हणून मला बसवलं. पहिले काही महिने लोक आत डोकावून विचारायचे, 'मालक कुठं गेलेत?' मी म्हणायचे, 'मालक तुमच्यापुढं बसलेत. गाणी सांगा.'

काम असं. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणायचं आणि वहीच्या पानावर हव्या त्या गाण्यांची यादी. मी दोन डेक जोडून एकावरून दुसऱ्यावर गाणी उतरवायची. साठची कॅसेट म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा तास. यादी बसवली की बी साईडच्या शेवटी तीन-चार मिनिटांची फीत उरायचीच. बाकीचे दुकानदार तिथं सिनेमातलं काहीतरी सोडून द्यायचे, आणि ते गाणं ओळीच्या मध्यात तुटायचं. कुणी बोलता बोलता आपल्या तोंडावर दार लावावं तसं ते मला वाटायचं.

ती उरलेली फीत माझी, असं मी ठरवून टाकलं. कुणाला विचारलं नाही. जे कॅसेटवाल्या कंपन्यांना दिसत नाहीत, ज्यांना ऑर्केस्ट्रावाले उभं करत नाहीत, अशा आमच्याच भागातल्या माणसांची गाणी मी तिथं भरायला लागले. पहिला मिळाला एक एसटी कंडक्टर. स्वतः रचायचा, स्वतः चाल लावायचा आणि तिकिटाच्या पेटीवर ठेका धरायचा. मग तिसगावच्या बाजारात एक म्हातारा क्लॅरनेटवाला असल्याचं कळलं. वय झालं म्हणून बँडवाल्यांनी त्याला काढून टाकलं होतं. मी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून दोन एसट्या बदलत तिकडं गेले. संध्याकाळी घरी आल्यावर नवरा म्हणाला, 'तिसगावच्या बाजारातून काय आणलं?' म्हटलं, 'एक माणूस आणला, कॅसेटीत.' दोन दिवस अबोला होता.

लोक म्हणायचे, हे हिट आहेत का? हिट काय ते मला मुंबईच्या माणसानं सांगायचं आणि मी मान डोलवायची, होय? माझे कान काय मी बाजारातून उधार आणलेत? मी ऐकत होते, मला आवडत होतं, मी भरत होते. एवढा साधा हिशोब कुणाच्या डोक्यात शिरत नव्हता.

एका बाजाराच्या दिवशी भर दुपारी एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. जवळच्याच गावातल्या बौद्धवस्तीतली, खुरपणीच्या टोळीत रोजानं जाणारी. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहू का, असं तिला विचारलं होतं. म्हणाली, 'वाचनारं कोन हाय? ऐकवायचं आसंल तर ऐकवा.' सगळ्या टोळीसारखं मीही तिला आक्काच म्हणायचे.

'वैनी,' ती म्हणाली, 'मला माझा आवाज ऐकायचाय.'

मला आधी कळेचना. मग तिनं सांगितलं. पंधरा वर्षं ती जयंतीच्या कार्यक्रमात गात होती, गाणीही स्वतःच रचत होती. पत्रिकेवर पेटी वाजवणाऱ्याचं नाव छापायचे आणि पुढं 'आणि संच'. ती त्या संचात. इतकी वर्षं गाऊन स्वतःचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

आमच्या दुकानाला लागून पिठाची गिरणी. ती चालू असली की माईकमध्ये गाण्यापेक्षा गिरणीच जास्त यायची. लाईट गेली की गिरणी बंद. म्हणून मी रेकॉर्डरमध्ये सेल घालून ठेवायचे. पेठेत सगळे लाईट गेली म्हणून बोटं मोडायचे आणि आमचं काम सुरू व्हायचं. आतल्या खोलीत दोरीवर गोधड्या टाकलेल्या, मधे ती उभी, हातात काही नाही. तिचं ते एक गाणं पुरं व्हायला चार वेळा लाईट जावी लागली.

तुमच्या वावरात माझं नाव न्हाई,
खुरप्याला इचारा, त्याला ठावं हाय.

अशी त्याची सुरुवात होती आणि शेवटचं कडवं जयभीमवर संपत होतं. आवाज जाड, थोडा फाटका, आणि सरळ येऊन छातीवर बसणारा. मी तिला ऐकवलं तेव्हा वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. कसलं पाणी. मान तिरकी करून तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, 'दुसऱ्या कडव्यात दम तुटतोय. पर चांगलं गाती मी.' मला तिचा हेवा वाटला. स्वतःबद्दल इतकं सरळ बोलणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

मग मी ते गाणं भरत सुटले. भजनाची यादी असो की सिनेमाची, शेवटी फीत उरली की तिचं गाणं. कुणी नाक मुरडत कॅसेट परत आणली, कुणी त्यावर दुसरं काहीतरी भरून घेतलं. पण विचारणारेही होते. 'ते शेवटचं गाणं कुणाचं हो?' मी ताठ मानेनं सांगायचे, 'आपल्याकडच्याच एका बाईचं.' हे वाक्य मला फार आवडायचं.

वर्षभरानं भाऊकीत साखरपुडा निघाला. माझ्या चुलत सासऱ्यांची नात. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. मोठे बागायतदार, गावात शब्दाला वजन. मांडवात वाजवायच्या कॅसेटी माझ्याच दुकानातून गेल्या होत्या, आणि सवयीनं मी त्यांच्याही शेवटची फीत रिकामी ठेवली नव्हती. स्पीकरवाला कॅसेट लावून जेवायला बसला. बी साईड संपत आली. पंगत बसलेली, पाहुणे वाढप्याला बोलावतायत, आणि भोंग्यातून अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं, तुमच्या वावरात माझं नाव न्हाई. स्पीकरवाला हात धुऊन पोचेपर्यंत जयभीमसुद्धा होऊन गेलं.

मी बायकांच्या पंगतीत होते. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या होत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दुकानात आले. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तेवढी रीत पाळली.

'आमच्या मांडवात असलं गानं?' ते म्हणाले.

'असलं म्हणजे कसलं, आबा?'

'शानपना नको. कोन बाई हाय ती?'

ती त्यांच्याच उसात, त्यांच्याच कांद्यात खुरपायला जात होती. टोळीत पंचवीस बाया, कुणाचा आवाज कोणता हे त्यांना काय ठाऊक. मी म्हटलं, 'नाव सांगणार नाही.'

'मग मूळ कॅसेट दे इकडं. माझ्यादेखत पुसून टाक.'

ती मूळ कॅसेट माझ्या पुढ्यातच होती. ती उचलली, खाली ठेवली आणि तिच्यावर मांडी घालून बसले. सासरा माणूस, आता तिथून कशी काढणार? त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जाताना म्हणाले, 'भाऊकीतलं एक मानूस तुझ्या पायरीला पाय लावायचं न्हाई.'

आणि तसंच झालं. भाऊकी बंद झाली, त्यांच्याकडं बघून अर्धी पेठ बंद झाली. नवरा म्हणाला, 'नाव सांगून टाक की. आपलं काय जातंय?' मी म्हटलं, 'तिचं काम जातंय.' रिकाम्या दुकानात मी अशी ताठ बसायचे की बघणाऱ्याला वाटावं, हिनं गड राखलाय. मलाही तसंच वाटत होतं. एका गरीब बाईसाठी मी सासरच्यांशी वैर घेतलं, ही काय साधी गोष्ट होती?

पुढच्या बाजाराच्या दिवशी आक्का आली. पायरीवर थांबली नाही, सरळ आत आली. कंबरेला खुरपं तसंच.

'आबांनी माझं नाव इचारलं आन् तुमी सांगितलं न्हाई?'

मला वाटलं, आभार मानायला आली. म्हटलं, 'घाबरू नका, आक्का. मेले तरी सांगणार नाही.'

'का?'

'तुमचं काम गेलं असतं ना.'

'काम कुनाचं हाय? माझं. जाईल तर माझं जाईल. तुमाला राखनीला ठिवलंय व्हय?' तिचा आवाज चढला तशी बाजारातली दोन-चार माणसं दारात थबकली. 'पंधरा वर्सं गाती मी. कुनी मोठ्या मानसानं आजपातूर इचारलं न्हाई, कोन गातंय म्हनून. पैल्यांदा कुनीतरी इचारलं. रागानं का व्हईना, इचारलं. आन् तुमी झाकून ठिवलं.'

मी पुढ्यातल्या कॅसेटी उगाच सारख्या करायला लागले. ती थांबली नाही.

'काल बांधावर मीच सांगून आले त्यांना. ते गानं माझं हाय, म्हनलं.'

'मग?'

'मग काय. उद्यापास्नं येऊ नगंस म्हनले. वावर त्येंचं आसंल, खुरपं माझं हाय. दुसरीकडं जाईन.'

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. इतके दिवस मी ज्याला धाडस म्हणत होते, ती माझी मिरवणूक होती. तिच्या गाण्यावर मी मिरवून घेतलं आणि तिला मात्र पुन्हा संचातच ठेवलं. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा तो आला. माझ्यावरच आला. मी रेकॉर्डर पुढं ओढला, माईक तिच्यापुढं धरला आणि म्हटलं, 'घ्या. तुमचं नाव तुमच्या तोंडानं सांगा. यापुढं गाण्याच्या आधी तेच वाजेल.'

तिनं माईक माझ्याकडं ढकलला. 'माझं नाव मी रोज घेती. तुमी घ्या. तुमच्या घरातल्या तोंडातनं निघू द्या.'

गिरणी चालू होती. चालू द्या, म्हटलं. मी बटण दाबलं, फीत फिरायला लागली, मी तोंड उघडलं आणि तशीच राहिले. आक्का. पुढं काय? मूळ कॅसेटीवर मी वर्षापूर्वी माझ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'खुरपणीवाली बाई'. ज्या नावासाठी मी आबांपुढं मांडी ठोकून बसले होते, भाऊकी तोडली होती, ते नाव मला ठाऊकच नव्हतं. कुणी माझा गळा धरला असता तरी मला ते सांगता आलं नसतं.

मी बटण बंद केलं. दारातली माणसं बघत होती. त्यांच्यादेखत विचारलं, 'आक्का, तुमचं पूर्ण नाव काय?'

ती हसली नाही, रागावलीही नाही. स्वतःचं नाव, आईचं नाव, आडनाव, गाव, असं एकेक सुटं करून तिनं सांगितलं. मी ते माईकमध्ये म्हटलं, गिरणीच्या वर आवाज काढून, रस्त्यावर ऐकू जाईल असं. रचना तिची, चाल तिची, गळा तिचा, हेही म्हटलं.

तिनं कंबरेचं खुरपं नीट खोचलं.

'आता कुनी इचारलं,' ती म्हणाली, 'तर सांगता यील तुमाला.'