पाठमोऱ्या खुर्च्या

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, पण परवा जळगावात मंडपवाल्याच्या टेम्पोतून लाल प्लास्टिकच्या खुर्च्या उतरताना दिसल्या आणि डोकं भणाणलं. आमच्यातले जुने चाहते अजून फुशारकी मारतात, "धुळ्याच्या कार्यक्रमात पोरांनी खुर्च्या फिरवल्या, बँडची इभ्रत राखली." इभ्रतीचं ते साफ खोटं. पहिली खुर्ची मी फिरवली. आमच्या आवडत्या त्या रॉक बँडचा पहिला गायक सोडून गेला होता आणि त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्याला आम्ही चाहते मोजतच नव्हतो. मैदानाबाहेर भज्यांच्या गाडीवर वाद पेटला. "आज फक्त पहिल्याची गाणी! दुसऱ्यानं तोंड उघडलं की पाठ फिरवायची!" मी ओरडलो. नरडाण्याचा माझा मित्र त्याच्या अहिराणीत हळूच म्हणाला, "तुमनं बठ्ठं खरं शे भाऊ, पन मनी बायकोनं आवडतं गानं दुसरानंच शे. तेवढं ऐकू दे." त्याची बायको नुकतीच वारली होती, हे मला ठाऊक होतं. तरी त्या गाण्याची गिटार वाजताच मी खुर्ची फिरवून स्टेजकडे पाठ केली. मागोमाग रांगा फिरल्या, गायक अर्ध्यातच थांबला, जुनं गाणं सुरू झालं आणि आम्ही माजात नाचलो. मित्र एकटाच स्टेजकडे तोंड करून बसून होता. पुढे माफी मागायला मी नरडाण्याला गेलो. त्यानं खुर्ची सरकवली, "आते तरी इकडे तोंड करीसन बस, भाऊ." मी हसलो, चहा प्यायलो, कपाशीच्या भावावर बोललो आणि उठलो. आज तो नाही, आणि तोंडाशी आलेली ती माफी मी तशीच घेऊन परतलो होतो.