मामंजींचा पार्लस

मामंजींना जाऊन महिना होत आला. त्या सकाळी मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "आज तब्येत पार्लस आहे, सूनबाई," आणि हसले. दुपारी गेले...

पार्लस म्हणजे धोक्याचा. जुना इंग्रजी शब्द. मामंजी शाळामास्तर, त्यांना शब्दकोशाचं वेड. मी चौथी शिकलेली. पण लग्न होऊन आले तेव्हा सासरा-सुनेनं एकमेकांशी थेट बोलायचं नाही, अशी रीत होती. म्हणून मी केळींना पाणी वळवत असले की मामंजी मला ऐकू येईल असं रहाटाच्या रेड्याला शिकवत. "ऐक रे. मूळ शब्द पेरिलस. लोकांच्या जिभेवर झिजून झाला पार्लस. आपल्या शूर्पारकाचं सोपारा झालं, तसंच." सासूबाई ओट्यावरून विचारत, "रेड्याला मॅट्रिकला बसवताय काय?"

वाडीतल्या बावखलावर, म्हणजे आमच्या तळ्यावर, माडाचा ओंडका टाकलेला होता. पलीकडे जायचं ते त्यावरूनच. एका सकाळी मी पाहिलं, तो वाळवीनं आतून पोखरला होता. सासूबाईंना सांगायला वळले, तोच डोक्यावर पानांची टोपली, हातात काठी घेऊन मामंजी पलीकडून आले. जवळ कोणी नाही. रेडासुद्धा गोठ्यात. मामंजींनी पाय उचलला...

"पार्लस!" मी ओरडले.

पाय तसाच मागे गेला. त्यांनी ओंडक्यावर काठी टेकून जोर दिला, तर तो मधोमध मोडून पाण्यात! मी पदरात तोंड लपवलं. आता बोलणी बसणार. पण मामंजी पलीकडूनच, पहिल्यांदा, माझ्याशी बोलले.

"सूनबाई, पेरिलसच्याही मागे एक लॅटिन शब्द आहे. त्याचा आधीचा अर्थ, करून पाहणं. धोका मागाहून आला. रेडा नापास, तू पास!"

सासूबाई दिवसभर धुसफुसत होत्या. "सून सासऱ्यावर ओरडली, गावात सांगू काय?"

"सांग, ओरडली म्हणून मास्तर जेवायला आहे."

त्यानंतर आम्ही रोज बोलायचो. घरातच, चारचौघांत नाही. तेराव्याला पुरुषमंडळी ओट्यावर त्यांच्या आठवणी काढत होती. मी दाराआड. कोणीतरी म्हणालं, "मास्तर जुन्या वळणाचे. सुनेशी कधी अवाक्षर बोलले नसतील."

मी उंबरा ओलांडून बाहेर आले. "बोलायचे," मी म्हटलं. "रोज बोलायचे."

ओट्याच्या कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंनी चटईवर थोडं सरकून मला जागा केली. "बस," त्या म्हणाल्या, "आणि रेड्याचं सांग यांना."