घरं वाहायची गाडी

आमचं गाव धरणात जाणार हे मला समज आल्यापासून ठाऊक होतं. मोठी माणसं ओटीवर त्याबद्दल बोलायची आणि मग पिकापाण्याकडे वळायची. नव्वदनंतर धरणाचं काम सुरू झालं, मध्येच बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. तेवढ्या काळात लोकांनी दर वर्षी घरं शाकारली, मुलींची लग्नं लावली, विहिरीतला गाळ काढला. मी जुनी पिकअप घेतली तीही त्याच काळात. गाव मुरबाड तालुक्याच्या आतल्या अंगाला, डोंगराला टेकून होतं. टोकावड्याच्या डांबरी रस्त्याला लागायचं तर कच्च्या वाटेनं खाली येऊन ओढा ओलांडावा लागे. मी भेंडी-काकडी मुरबाडच्या बाजारात न्यायचो, हिवाळ्यात गवताच्या गाठी. हौद्याचा पत्रा पातळ होता, पण भेंडीला तेवढा पुरत होता.

दोन हजार साल उलटून गेल्यावर एका हिवाळ्यात सरकारकडून निरोप आला की येत्या पावसात पाणी अडवणार. अर्ध्या गावाला किन्हवलीच्या बाजूला प्लॉट मिळाले, अर्ध्याला मुरबाडच्या अलीकडे. होळी झाली आणि कौलं उतरायला सुरुवात झाली. घर सोडून जायचं असलं तरी लाकूड कोण सोडतो? सागाचे खांब, तुळया, दारं, जोत्याचे घडीव दगड, सगळं नव्या जागी लागणार होतं. ट्रकवाले ओढ्याच्या अलीकडे यायला तयार नव्हते. गावात गाडी माझी एकटीची.

पहिलं घर शेजारच्या काकीचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन सासरी. काकी एकटीच राहायची. तिचे खांब आणि जोत्याचे दगड एकाच खेपेत भरले. माझंच चुकलं असं आज वाटत नाही, दोन खेपा करायला तेव्हा कुणालाच सवड नव्हती. ओढ्यात मागचं चाक दगडावरून निसटलं आणि मागून कापड टरकवल्यासारखा आवाज आला. उतरून बघितलं तर हौद्याचा पत्रा शिवणीवर फाटून एक खांब खाली गेला होता, पत्र्याखालचा आडवा अँगल वाकला होता आणि हौदा एका अंगानं टायरवर बसला होता. रबर जळाल्याचा वास येत होता.

आम्ही खांब काठावर काढले, दगड ओढ्यातच उतरवले. काकी त्यातल्याच एका दगडावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल रे, हितंच बांधते आता घर. पानी पन जवळ हाय."

बरोबरची माणसं हसली. मीही हसलो असेन. मला आठवतं ते एवढंच की मी टायरला हात लावून बघत होतो, किती गरम आहे ते.

मोकळी गाडी तशीच हळूहळू मुरबाडला नेली. गावाबाहेर एका फॅब्रिकेशनवाल्याची शेड होती. खिडक्यांचे गज, ट्रॉल्या, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड असली कामं तो करायचा. पन्नाशीचा माणूस, एका डोळ्यातून सतत पाणी यायचं. त्यानं गाडीखाली सरकून बघितलं आणि तिथूनच विचारलं, "काय भरलंवतं?"

"घर."

"घरातलं सामान?"

"नाय. घर. खांब, तुळया, जोत्याचे दगड."

तो बाहेर आला. गावाचं नाव विचारलं. मी सांगितल्यावर "हां" म्हणाला, आणि पुढं त्याबद्दल काही बोलला नाही. ते मला बरं वाटलं. त्या महिन्यांत जो भेटेल तो चुचकारायचा, आणि चुचकारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते मला कळत नसे.

"पत्र्यावर पत्रा मारून देनारे लय हायत," तो म्हणाला. "त्यानं गाडी जड होते, बस. पत्रा वजन पेलत नाय, पत्र्याखाली काय हाय ते पेलतं. तुझ्या गाडीत खाली कायच नाय."

मग त्यानं जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. हौदा पूर्ण उतरवायचा. चेसिसच्या दोन उभ्या पट्ट्यांवर जाड लोखंडी चॅनेल आडवे टाकायचे, जवळजवळ, म्हणजे दगड कुठंही ठेवला तरी त्याचं वजन खाली चेसिसवर जाईल. त्यावर चेकर प्लेट, नक्षीचा जाड पत्रा, म्हणजे लाकूड सरकणार नाही. बाजूंना अँगलचे खुंट. केबिनच्या मागं मजबूत जाळी, नाहीतर ब्रेक मारल्यावर तुळई सरळ ड्रायव्हरच्या पाठीत येते. मागच्या फाळक्याला दुप्पट बिजागऱ्या. आणि चाकावरच्या स्प्रिंगच्या कमानीत एक पाटा वाढवायचा.

"चेसिसला वेल्डिंग करायचं नाय," तो म्हणाला. "तापवलं तिथंच पुढं चीर जाते. यू-बोल्टानं आवळायचं. आनि लोखंडावर लोखंड नको, मधी लाकूड पायजे. नायतर एकमेकाला खातात."

"कसलं लाकूड?"

"साग असला तर बेस्टच."

साग होता. बैल आम्ही हिवाळ्यातच म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत विकले होते आणि वडिलांनी गोठा आधीच उतरवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मी गोठ्याच्या दाराची चौकट खांद्यावरून ओढ्यापलीकडे आणली आणि एसटीच्या टपावर टाकून मुरबाडला घेऊन गेलो. एका बाजूला, बैलांच्या मानेच्या उंचीवर, लाकूड घासून गुळगुळीत झालेलं होतं. फॅब्रिकेशनवाल्यानं त्यावरून अंगठा फिरवला.

"कापू ना?"

"काप."

त्यानं तिच्या पट्ट्या पाडल्या. भुसा पडला तो त्याच्या बायकोनं चुलीसाठी गोळा करून नेला.

काम आठवडाभर चाललं. मी रोज सकाळी एसटीनं जायचो आणि संध्याकाळी परत यायचो. माझी तिथं गरज नव्हती. एखादा चॅनेल धरायला, बोल्ट आवळायला हात लागला तर लावायचो, बाकी वेळ शेडच्या सावलीत बसून राहायचो. घरी कौलं उतरवायची होती, ते वडील आणि बायको करत होते. मला शेडमध्ये बरं वाटत होतं असं नाही म्हणता येणार. काहीच वाटत नव्हतं, आणि तिथं काही वाटायला पाहिजे अशी कुणाची अपेक्षा नव्हती. वेल्डिंगची कांडी लागली की तडतड आवाज, निळा उजेड, मग हातोडीनं पोपडा उडवायचा, खालचा टाका चमकायचा. मी टाके बघत बसायचो. शेवटच्या दिवशी त्यानं काळा रंग मारला आणि म्हणाला, "घे, झाली," तेव्हा मी म्हटलं, "रंग वाळू दे की." तो म्हणाला, "तो चालता चालता वाळंल."

मोकळी गाडी आता दगडासारखी ताठ झाली होती, खड्ड्याखड्ड्याला उडत होती. वाढवलेला पाटा वजनाशिवाय दबत नव्हता. सबंध रस्ताभर हाडं खिळखिळी झाली. गावात पोचलो तर माणसं हौद्याभोवती जमली, कुणी वर चढून उड्या मारून बघितल्या. काकीनं फाळक्यावर हात आपटला आणि विचारलं, "माझं दगड ओढ्यातच हायत, नेतोस का आता?"

पहिली खेप तिचीच झाली. दगड, खांब, सगळं एकदम. ओढ्यात गाडी एका अंगाला कलली, चॅनेल करकरले, आणि वर आली. पुढं काकीचं घर मुरबाडच्या अलीकडच्या वसाहतीत त्याच खांबांवर उभं राहिलं. जोतं जुन्यापेक्षा बुटकं झालं, कारण मधल्या आठवड्यात ओढ्यातले काही दगड कुणीतरी उचलून नेले होते. ते कुणी नेले याची चौकशी तिनं केली नाही.

मग मी घरं वाहिली. सकाळी भरायचं, दुपारी उतरवायचं, जमलं तर दुसरी खेप. कोणत्या घराच्या तुळया लांब, कोणाची दारं जड, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. वरच्या पाड्यावरच्या माणसांचं सगळं एकाच खेपेत मावलं: भांडी, कारवीच्या काठ्यांचे भारे, डालग्यात कोंबड्या. गावदेवीला मात्र गाडीत घातलं नाही. तिला चार माणसांनी पाळीपाळीनं उचलून चालत नेलं आणि मी मागून मोकळी गाडी घेऊन पहिल्या गिअरमध्ये गेलो.

वळणावर, जिथून गाव शेवटचं दिसायचं, तिथं हौद्यातल्या बाया रडायच्या. पहिल्या काही वेळा मी गाडी थांबवली. नंतर थांबवली नाही, कारण गावात पुढचं घर भरायचं राहिलेलं असायचं. मला रस्ता दिसायचा, दोर ढिला झालाय का ते दिसायचं.

आमच्या घराची पाळी बरीच उशिरा आली. सगळ्यांचं करून मग आपलं, असं ठरवलं नव्हतं, तसं झालं. बायको केबिनमध्ये माझ्या शेजारी बसली, मांडीवर देवांचं गाठोडं. वळण आलं तसं ती म्हणाली, "थांबवा जरा."

"कशाला?"

"एकदा मागं बघा तरी."

"आरशात दिसतंय," मी म्हटलं.

ती माझ्याकडे वळली. "तुमाला काय वाटतच नाय का वो?"

मी खरं सांगितलं. "ठाव नाय."

तिनं खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि वळण संपेपर्यंत मागं बघत राहिली. मग काच वर केली, धूळ येत होती म्हणून.

घर गेलं तरी वडील गावातच राहिले. कुणाच्या तरी उघड्या ओटीवर झोपायचे, बायको डबा पाठवायची. एका सकाळी मी शेवटच्या काही खेपांपैकी एक भरायला गेलो तर ते शेतात होते. राबाच्या तुकड्यावर फावडं घेऊन माती खणत होते आणि बाजूला ढीग लावत होते.

"बाबा, हे काय?"

"माती न्यायचीय."

"माती? तिकडं माती नाय का?"

"तिकडं मुरूम हाय. मी बघून आलोय. आवण कशात टाकशील?"

दर वर्षी पावसाआधी त्याच तुकड्यावर शेण, पाला, काटक्या रचून आम्ही राब भाजायचो आणि त्यात भाताचं बी टाकायचो, लावणीची रोपं म्हणजे आवण करायला. त्याआधी आजोबा भाजायचे. तिथली माती काळी, भुसभुशीत होती, हातात घेतली की बोटांमधून गळायची. मी दुसरं फावडं घेतलं.

मातीचं वजन दिसत नाही. दगड मोजता येतात, माती भरत राहावं वाटतं. हौदा अर्धा झाला तेव्हा पाटे सपाट झाले होते. वडील मातीवर बसले. ओढा आला तेव्हा त्यांनी केबिनवर थाप मारली, खाली उतरले आणि म्हणाले, "तू चल. मी मागून येतो."

मला वाटलं वजन कमी करायला उतरले. आरशात बघितलं तर ते गाडीच्या मागं पाण्यातून चालत होते, धोतर वर खोचून, वाकून हौद्याच्या खाली बघत. दगडावर चाक चढलं, उतरलं. पलीकडे मी गाडी थांबवली. ते आले, वाकले, खालच्या एका चॅनेलवर पालथा हात ठेवला, मग त्याखालच्या सागाच्या पट्टीवर.

"पक्कं केलंय त्यानं," म्हणाले.

"हां."

"चल मग. अजून लय हाय."

पाच-सहा खेपा झाल्या. नव्या जागेवर माती ओतून त्यांनी दोन खाटांएवढा तुकडा केला आणि चारी बाजूंनी दगड लावले. शेजारचे प्लॉटवाले येऊन बघून जायचे, काहीजण हसायचे. त्या पावसात त्या तुकड्यावर आवण हिरवीगार आली, आमची लावणी तर झालीच, उरलेली दोघातिघांना दिली. हसणाऱ्यांपैकी एकानंही नेली. दुसऱ्या वर्षी आली, जरा विरळ. तिसऱ्या वर्षी जोराच्या पावसात वरून पाणी आलं आणि बरीचशी माती उताराला वाहून गेली. वडिलांनी ती पुन्हा गोळा केली नाही. बियाणं शेजाऱ्याच्या रानात टाकू म्हणाले.

त्या पहिल्या पावसात पाणी चढलं तेव्हा सगळे बघायला गेले होते. मी गेलो नाही, शहापूरला विटा पोचवायच्या होत्या. बायको जाऊन आली. मी विचारलं, "काय दिसलं?" ती म्हणाली, "पानी." मग पाय दुखतायत म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली.

मला विटा, खडी, सिमेंट अशी कामं मिळत राहिली. घरं वाहिलेली गाडी म्हणून माझं नाव झालं होतं. मी कामाला जायचो, यायचो, अर्धी-एक भाकरी खायचो, झोपायचो. बायको मुलांना म्हणायची, "बाबांना त्रास देऊ नका," आणि मला कळायचं नाही की कसला त्रास.

त्याच वर्षी हिवाळ्यात म्हशाच्या जत्रेला एका माणसाचे बैल पोचवायला गेलो होतो. काम झालं, निघायला लागलो, तर गर्दीतून हाका आल्या. आमच्याच गावची माणसं, दोन्ही वसाहतींतली. गाव फुटल्यावर बरेच जण एकमेकांना पहिल्यांदा भेटत होते. "मोकळी हाय ना गाडी?" म्हणत सगळे हौद्यात चढले. तवे, घोंगड्या, एक नवी टोपली, पोरं. खुंटांना धरून उभे राहिले.

मी गाडी काढली. वाटेत मागून आवाज येत होते. कोण आधी उतरणार यावरून भांडण चाललं होतं, कुणीतरी कुणाच्या जुन्या म्हशीची आठवण काढून शिव्या देत होतं, एक म्हातारी सगळ्यांना गप बसा सांगत होती आणि स्वतःच सगळ्यात मोठ्यानं बोलत होती. मी गिअर बदलला नाही, हळूच चालवत राहिलो. मागून कुणीतरी केबिनवर हात मारून ओरडलं, "ए, बैलगाडी हाय का रे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढचा रस्ता हलायला लागला. बाजूला घेऊन थांबलो. मागं सगळे विचारायला लागले, काय झालं, टायर गेला का. मी खाली उतरून चाकापाशी वाकलो आणि बघतोय असं दाखवलं.

"काय नाय," शेवटी म्हटलं. "चला."

सगळ्यांना सोडून घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बायकोनं ताट वाढलं. भाकरी संपली, दुसरी संपली. ती बघत होती.

"काय झालं?"

"काय नाय," मी म्हटलं. "वाढ अजून."